शेक्सपिअरच्या कर्तृत्वाचा वाद आणि लेखकांची खासगी पत्रे: पुरावा म्हणून त्यांचे वजन किती?

पानगळ

नमस्कार. शेक्सपिअरच्या नावावरची नाटके स्ट्रॅटफर्डच्या त्या नटाने लिहिलीच नाहीत, ती फ्रान्सिस बेकनने किंवा ऑक्सफर्डच्या अर्लने, म्हणजे एडवर्ड डी व्हिअरने, लिहिली असे मांडणारी बरीच पुस्तके सध्या वाचतो आहे. वादाच्या मूळ मुद्द्यांबद्दल माझा प्रश्न नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला खटकते ते वेगळेच. या पुस्तकांत जवळपास प्रत्येक ठिकाणी मोठ्या साक्षीदारांची एक यादी येते: अमेरिकन लेखक एमर्सन आणि हॉथॉर्न, कादंबरीकार हेन्री जेम्स, मनोविश्लेषक फ्रॉइड. एवढ्या मोठ्या माणसांना शंका आली त्या अर्थी तीत काहीतरी तथ्य असलेच पाहिजे, असा त्या यादीचा रोख असतो. तळटिपा धुंडाळू लागलो की मात्र लक्षात येते की यांपैकी बऱ्याच साक्षी छापील लेखातून नव्हे, तर कोणी कोणाला तरी लिहिलेल्या खासगी पत्रातून उचललेल्या आहेत.

पत्र हे एका विशिष्ट माणसाला, विशिष्ट प्रसंगी लिहिलेले असते. त्यात भिडस्तपणा असतो, थट्टा असते, समोरच्याचे मन राखण्याची धडपड असते. अशा वेळी पत्रातल्या एखाद्या वाक्यावरून लेखकाचे मत ठरवणे कितपत योग्य आहे? विशेषतः हॉथॉर्नचे कोडे मला सुटत नाही. शेक्सपिअरच्या कर्तृत्वावर शंका घेणाऱ्या डेलिया बेकन या लेखिकेचे म्हणणे त्याला पटलेले नव्हते असे एकीकडे वाचायला मिळते आणि दुसरीकडे तिच्या पुस्तकाला त्यानेच प्रस्तावना लिहिलेली दिसते. शिवाय, ज्याच्यावरून एवढा पत्रव्यवहार झाला त्या शेक्सपिअरचे स्वतःचे एकही पत्र उपलब्ध नाही, या गोष्टीला जाणकार किती महत्त्व देतात तेही समजून घ्यायला आवडेल.

ग्रंथखूण

हॉथॉर्नपासूनच सुरुवात करतो, कारण साक्षीदारांच्या त्या यादीत सर्वांत जास्त ओढाताण त्याच्याच नावाची झाली आहे, आणि त्याच्या बाबतीत सुदैवाने पत्रे भरपूर उपलब्ध आहेत.

डेलिया बेकन ही १८११ साली ओहायोत जन्मलेली अमेरिकन शिक्षिका आणि व्याख्याती. फ्रान्सिस बेकनशी तिचे नाते नव्हते. ही नाटके रॅले, बेकन, स्पेन्सर आदी मंडळींच्या एका गटाने आपले राजकीय तत्त्वज्ञान उघडपणे मांडता येत नाही म्हणून रंगभूमीच्या आडून मांडण्यासाठी रचली, असा तिचा सिद्धान्त होता. म्हणजे तिला निव्वळ 'बेकनवादी' म्हणणेही तसे अपुरेच आहे. १८५२ साली तिने एमर्सनला पत्र लिहून आपली कल्पना सांगितली. एमर्सनने तिला उत्तेजन दिले यात शंका नाही, परंतु त्याच उत्तरात त्याने असेही लिहिले की कवी आणि मुत्सद्दी अशा दोन भरीव ऐतिहासिक व्यक्ती वितळवून एक करायच्या, तर तुम्हांला मंतरलेली हत्यारे, किंबहुना किमयाच लागेल. उत्तेजन आणि इशारा एकाच पत्रात आहेत. यादी करणारे त्यांतले उत्तेजन तेवढे उचलतात.

१८५३ साली ती इंग्लंडला गेली. एमर्सनच्या परिचयपत्रामुळे ती कार्लाइल या प्रसिद्ध लेखकाच्या घरी पोहोचली. तिचे म्हणणे ऐकून कार्लाइल अक्षरशः किंचाळू लागला आणि तो आवाज मैलभर ऐकू गेला असता, असे वर्णन तिनेच बहिणीला लिहिलेल्या पत्रात केले आहे. त्यात राग कमी आणि गंमत जास्त आहे. ती काही निव्वळ भ्रमिष्ट बाई नव्हती, तिला विनोदबुद्धी होती, हे त्या एका पत्रावरून जसे कळते तसे तिच्या सहाशे-सातशे पानांच्या अवजड पुस्तकावरून कळत नाही. कार्लाइलने तिला ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन कागदपत्रे शोधा असा सल्ला दिला. तिने तो फारसा मनावर घेतला नाही, कारण उत्तर नाटकांच्या आतच आहे अशी तिची खात्री होती; त्याऐवजी ती बेकनच्या सेंट ऑल्बन्स गावी जाऊन राहिली. पुढे १८५४ मध्ये कार्लाइलने एमर्सनला कळवले की या बाईंच्या शेक्सपिअर मोहिमेइतके करुण आणि डॉन किहोटेच्या जातीचे साहस मी आयुष्यात पाहिलेले नाही, त्यांच्या कल्पनेत सत्याचा संभवसुद्धा नाही, तरीही माझ्याने होईल ती मदत मी आनंदाने करतो आहे. मदत आणि असहमती यांची ही जोडी लक्षात ठेवावी, कारण हॉथॉर्नच्या बाबतीतही नेमके हेच घडले.

हॉथॉर्न त्या काळात लिव्हरपूलला अमेरिकेचा कॉन्सल होता. १८५६ च्या मे महिन्यात डेलियाने त्याच्याकडे साहाय्य मागितले. त्याने दिलेल्या उत्तरातच तुमच्या कोड्याची उकल आहे. तुमची मते मला मान्य आहेत असे कृपा करून समजू नका, असे तो स्वच्छ लिहितो. मते बनवण्याइतकी त्यांची माहितीच मला नाही, असेही सांगतो. आणि 'जुना नट' म्हणून तुम्ही ज्याचा तुच्छतेने उल्लेख करता आणि माझे काळीज दुखावता, त्याला माझ्यातून उपटून काढायचे झाले तर मुळांसकट आणि बळजोरीनेच काढावे लागेल, अशी पुस्ती जोडतो. यापेक्षा निःसंदिग्ध नकार कोणता असू शकतो? त्याच पत्राने त्याच्या मदतीलाही सुरुवात होते. लंडनमधला आपला मित्र फ्रान्सिस बेनॉक याच्यामार्फत त्याने प्रकाशक शोधला आणि छपाईचा खर्च स्वतः सोसला. दोघांची प्रत्यक्ष भेट एकदाच झाली. बाकी सारा व्यवहार पत्रांतून चालला.

१८५७ मध्ये निघालेल्या त्या पुस्तकाची प्रस्तावना याच पार्श्वभूमीवर वाचायला हवी. माझ्या देशभगिनीने आपला सिद्धान्त सिद्ध केला की नाही ते वाचकांनी ठरवावे. ती अपयशी ठरली असे धरले तरी तिचे अपयश बहुतेकांच्या यशापेक्षा अधिक मानाचे असेल, कारण स्ट्रॅटफर्डच्या त्या जुन्या थडग्यावर याहून उदात्त पुष्पचक्र आजवर कोणी वाहिलेले नाही, असा तिचा समारोप आहे. बारकाईने पाहिले तर प्रस्तावना लिहिणारा लेखिकेच्या पराभवाचीच तयारी करतो आहे, आणि तो पराभव शेवटी शेक्सपिअरच्याच चरणी वाहतो आहे. डेलियाला ही प्रस्तावना आवडली नाही, यात नवल ते काय? त्याच सुमाराला हॉथॉर्नने बॉस्टनच्या टिकनर या आपल्या प्रकाशकाला लिहिले की परोपकाराचा हा माझा शेवटचा मूर्खपणा, यापुढे जन्मात कोणावर दया करणार नाही. हे वाक्य एकटे वाचले तर हॉथॉर्न कठोर वाटतो आणि प्रस्तावना एकटी वाचली तर तो समर्थक वाटतो. तिला लिहिलेले पत्र, तिच्यासाठी छापलेला मजकूर आणि तिच्याविषयी तिसऱ्याला लिहिलेले पत्र हे तिन्ही शेजारी ठेवले तरच माणूस दिसतो. माझ्या मते 'पत्राला पुरावा मानावे का' या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे: एका पत्राला मानू नये, पत्रव्यवहाराला मानावे.

या प्रकरणातला आणखी एक पत्रव्यवहार सहसा कोणी सांगत नाही आणि मला तो फार मार्मिक वाटतो. डेलियाचा निनावी लेख 'पटनम्स मंथली'च्या जानेवारी १८५६ च्या अंकात आला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विल्यम हेन्री स्मिथ नावाच्या इंग्रज गृहस्थाने लॉर्ड एल्समियर यांना उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपात एक पुस्तिका काढली आणि नाटके बेकनची आहेत असे प्रतिपादन केले. हॉथॉर्नने प्रस्तावनेत स्मिथवर डेलियाची कल्पना उचलल्याचा ठपका ठेवला. स्मिथने जून १८५७ मध्ये हॉथॉर्नला पत्र लिहून आपण डेलियाचे नावही ऐकले नव्हते आणि आपले मत फार पूर्वीचे आहे असे कळवले. हॉथॉर्नने काही दिवसांतच उत्तर पाठवून त्यांचे म्हणणे पूर्णपणे मान्य केले, आणि स्मिथने ती दोन्ही पत्रे आपल्या पुढच्या पुस्तकात छापून टाकली. शेक्सपिअरकडून त्याचे श्रेय काढून घेण्याचे श्रेय कोणाचे, यावरही असा वाद झाला आणि तो पत्रांनीच मिटला.

रंगपीठ

ग्रंथखूण यांनी हॉथॉर्नविषयी पुरेसे लिहिले आहे, म्हणून मी हेन्री जेम्स आणि फ्रॉइड यांच्याकडे वळतो. जेम्सने ऑगस्ट १९०३ मध्ये व्हायोलेट हंट या लेखिकेला लिहिलेले पत्र त्याच्या मृत्यूनंतर, १९२० मध्ये निघालेल्या पत्रसंग्रहात प्रसिद्ध झाले. दिव्य विल्यम ही सहनशील जगाची आजवर झालेली सर्वांत मोठी आणि सर्वांत यशस्वी फसवणूक आहे, अशी एक खात्री आपला पिच्छा सोडत नाही, असे त्यात तो म्हणतो. यादीतले अवतरण बहुतेक वेळा इथे संपते, पत्र मात्र संपत नाही. पुढे तो सांगतो की मी या प्रश्नाचा ऊहापोह करतो आहे असा माझा आव नाही आणि मला तो पुढे न्यायचाही नाही. नाटके बेकनने लिहिली ही कल्पना करणे मला जवळजवळ तितकेच अशक्य वाटते, जितके आपल्याला माहीत असलेल्या स्ट्रॅटफर्डच्या माणसाने ती लिहिली ही कल्पना करणे अशक्य वाटते, असेही तो म्हणतो. या वाक्याचा पहिला अर्धा भाग कोणत्याही बेकनवाद्याला परवडणारा नाही. अर्धे वाक्य कापून घेतले की साक्षीदार मिळतो, पूर्ण वाक्य वाचले की गोंधळलेला कादंबरीकार मिळतो. त्याच वर्षी जेम्सने एका महाकवीच्या जन्मघराची राखण करणाऱ्या आणि हळूहळू श्रद्धा गमावत जाणाऱ्या माणसाची कथा प्रसिद्ध केली, हे ध्यानात घेतले तर मला ते पत्र मताचे निवेदन वाटण्याऐवजी कथाबीज मनात घोळवणाऱ्या लेखकाची मनःस्थिती वाटते. अर्थात हा माझा अंदाज आहे.

फ्रॉइडची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. त्याची शंका केवळ पत्रांत लपलेली नव्हती. टी. जे. लूनी यांचे ऑक्सफर्डची बाजू मांडणारे पुस्तक १९२० मध्ये निघाले. ते फ्रॉइडला पटले आणि १९३० मध्ये त्याने ते जाहीरपणे सूचितही केले. कादंबरीकार आर्नोल्ड त्स्वाइग आणि तो यांच्यातल्या पत्रव्यवहारात १९३७ साली हा विषय निघाला, तेव्हा त्या स्ट्रॅटफर्डवाल्यात तुम्हांला अजून काय दिसते हे मला कळत नाही, त्याच्या बाजूने काहीच नाही आणि ऑक्सफर्डच्या बाजूने जवळजवळ सर्व काही आहे, असे तो ठासून लिहितो. १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आल्यावर त्याने लूनी यांनाही पत्र लिहिले. तेव्हा फ्रॉइडचे मत काय होते हे निश्चित आहे. त्या मताला वजन किती, हा वेगळा प्रश्न आहे. १९०० साली स्वप्नांवरील ग्रंथात त्याने 'हॅम्लेट'चा संबंध शेक्सपिअरच्या वडिलांच्या मृत्यूशी जोडला होता. ते १६०१ मध्ये वारले. लेखक बदलताच तो आधार गेला. १९३० च्या आवृत्तीत त्याने तळटीप घालून आपला लेखकावरचा विश्वास उडाल्याचे नमूद केले, परंतु हॅम्लेटविषयीचे विवेचन तसेच ठेवले. ऑक्सफर्डचे वडील त्याच्या लहानपणीच वारले आणि आईने पुन्हा लग्न केले, ही चरित्रातली माहिती त्या विवेचनाला आणखी सोयीची होती. निष्कर्ष आधी आणि लेखक मागाहून, असा हा क्रम आहे.

शाईचा डाग

वरील दोन्ही प्रतिसाद मला अभ्यासपूर्ण वाटले, तरीही त्यांचा कल मला पूर्णपणे मान्य नाही, हे नमूद करू इच्छितो. शंका घेणाऱ्याचे पत्र आले की ते भिडेपोटी लिहिलेले, मनःस्थितीतून आलेले किंवा सिद्धान्ताच्या सोयीचे ठरते. कार्लाइलचे नकाराचे पत्र आले की ते मात्र निर्मळ मत ठरते. कार्लाइलने तिचे हस्तलिखित अभ्यासून तो निवाडा दिला होता काय? तो तर तिचे बोलणे ऐकताक्षणीच किंचाळला होता. खासगी पत्रांना माझ्या लेखी महत्त्व आहे ते यासाठी की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी साहित्यात शेक्सपिअरची जवळजवळ पूजा चालत होती आणि त्या वातावरणात नामवंत लेखकाने जाहीरपणे शंका घेणे म्हणजे स्वतःची टवाळी ओढवून घेणे होते. फ्रॉइडचे उदाहरण तुम्ही दिलेत, तर तेही पूर्ण द्यावे. १९३५ मध्ये त्याचा अनुवादक जेम्स स्ट्रेची याने आत्मचरित्रात्मक लेखनातली ऑक्सफर्डविषयीची तळटीप गाळावी म्हणून त्याची मनधरणी केली होती आणि एडवर्ड डी व्हिअर हाही शेक्सपिअरइतकाच इंग्रज होता, मग इंग्रजांना याचे एवढे वावडे का, असा प्रश्न फ्रॉइडने पत्रातून विचारला होता. इंग्लंडमधल्या आवृत्तीतून ती टीप गाळायला तो शेवटी तयार झाला. दबाव होता तो असा. जेथे छापील पान असे चाळून घेतले जाते, तेथे माणूस काय मानत होता हे पत्राशिवाय कळणार कसे?

मी स्वतः ऑक्सफर्डवादी नाही. परंतु शंका घेणारे सगळेच एकतर भोळे किंवा हट्टी, अशी मांडणी झाली की वादातला एक खरा प्रश्न बाजूला पडतो, आणि तो पानगळ यांनी शेवटी विचारला आहे. ज्या माणसाने अशी पत्रे लिहिणारी पात्रे रंगवली की ज्यांच्या पत्रांवर अर्धी कथानके फिरतात, त्या माणसाच्या हातचे एकही पत्र उरू नये, हे मला आजही विचित्र वाटते.

तळटीप

शाईचा डाग यांचा अनुवादकाविषयीचा मुद्दा रास्त आहे. फक्त त्या उदाहरणातून एवढेच सिद्ध होते की फ्रॉइडला काय वाटत होते ते पत्रांवरून कळते. नाटके कोणी लिहिली ते कळण्यासाठी १९३५ चे पत्र उपयोगाचे नाही, १५९८ चे किंवा १६१० चे हवे. चर्चेत आतापर्यंत आलेली सर्व पत्रे ही शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर दोन-अडीचशे किंवा अधिक वर्षांनी लिहिलेली आहेत. ती वादाचा इतिहास सांगतात. खरी झटापट ज्या पत्रांवर होते ती समकालीन आहेत, आणि त्यांची संख्या मोजकी असल्याने प्रत्येकाकडे नीट पाहता येते.

शेक्सपिअरने लिहिलेले पत्र नाही हे खरे आहे, परंतु त्याला लिहिलेले एक आहे. स्ट्रॅटफर्डचा व्यापारी रिचर्ड क्विनी हा गावाच्या कामासाठी लंडनला आला होता आणि पैशांच्या अडचणीत सापडला होता. २५ ऑक्टोबर १५९८ रोजी त्याने कार्टर लेनमधल्या 'बेल' खाणावळीतून आपला 'प्रिय मित्र आणि गाववाला' विल्यम शेक्सपिअर याला ३० पौंडांचे कर्ज मागणारे पत्र लिहिले. घडी घालून, वर नाव घालून, मोहोर लावून ते तयार झाले आणि सापडले ते क्विनीच्याच कागदपत्रांत. म्हणजे बहुधा ते पाठवलेच गेले नाही. कदाचित त्याच दिवशी दोघांची गाठ पडली असावी. कारण त्याच दिवशी क्विनीने स्ट्रॅटफर्डला अब्राहम स्टर्ली याला पत्र लिहिले होते आणि ४ नोव्हेंबरच्या स्टर्लीच्या उत्तरात, आपला गाववाला शेक्सपिअर पैशांची व्यवस्था करून देणार असल्याचे तुम्ही कळवले, असा उल्लेख येतो. जे पत्र पोहोचले नाही तेच टिकले. क्विनीचे कागद गावाच्या दप्तरात अडकले म्हणून राहिले. मिळालेली पत्रे ज्यांनी घरी ठेवली त्यांची पत्रे घराबरोबर गेली.

त्यामुळे 'एकही पत्र कसे नाही' या आश्चर्याला मी फार महत्त्व देत नाही. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याचे कोणते पत्र आहे? एकही नाही, एक सही आहे. याउलट बेकनची पत्रे ढिगाने आहेत, कारण तो राज्याचा मोठा अधिकारी होता. ऑक्सफर्डचीही सत्तरच्या वर पत्रे व टिपणे आहेत, कारण तो अर्ल होता आणि त्याचा पत्रव्यवहार बर्लीसारख्या मंत्र्याच्या दप्तरात जपला गेला. ती पत्रे वाचून पाहावीत. जमिनी, कर्जे, राणीकडे केलेल्या याचना आणि कथलाच्या व्यापाराचा मक्ता आपल्याला मिळावा यासाठी केलेला पाठपुरावा त्यांत भरून राहिला आहे. नाटकांचा उल्लेख नाही. पत्रे नसणे शेक्सपिअरच्या विरोधात जात असेल, तर एवढी पत्रे असून त्यांत नाटक नसणे ऑक्सफर्डच्या विरोधात का जाऊ नये?

बेकनवाद्यांची दोन आवडती पत्रे आहेत. पहिले बेकनने २८ मार्च १६०३ रोजी कवी जॉन डेव्हिसला लिहिलेले. राणी एलिझाबेथ चार दिवसांपूर्वी वारली होती, डेव्हिस नव्या राजाच्या भेटीला उत्तरेकडे निघाला होता, आणि बेकनने त्याला आपली शिफारस करायला सांगून शेवटी 'गुप्त कवींवर लोभ असावा' अशी विनंती केली. यात तो स्वतःविषयी बोलत असावा, हे मलाही मान्य आहे. बेकन कविता करत असे; राणीला उद्देशून सुनीत लिहिल्याचे त्याने स्वतःच नोंदवले आहे. सुनीत लिहिणाऱ्या दरबाऱ्याने स्वतःला गुप्त कवी म्हणवणे साहजिक आहे. तिथून 'किंग लिअर'पर्यंत जायला मात्र रस्ता नाही.

दुसरे पत्र टोबी मॅथ्यू या बेकनच्या मित्राचे. त्याच्या ताजाकलमात, आपल्या देशातला आणि समुद्राच्या या बाजूचा मला माहीत असलेला सर्वांत अचाट बुद्धीचा माणूस आपल्याच नावाचा आहे, जरी तो दुसऱ्या नावाने ओळखला जात असला तरी, असे वाक्य आहे. प्रथमदर्शनी ते चकित करणारे आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु पत्र कोणी, कोठून आणि कधी लिहिले ते पाहावे. ते व्हायकाउंट सेंट ऑल्बन या पदवीने संबोधून लिहिले आहे आणि बेकनला ती पदवी १६२१ मध्ये मिळाली. तेव्हा शेक्सपिअर वारून पाच वर्षे होत आली होती. मॅथ्यू कॅथलिक झालेला होता आणि परदेशातल्या इंग्रज जेझुइटांच्या वर्तुळात वावरत होता. त्या मंडळींत टोपणनावाने राहणे नित्याचे होते आणि साउथवेल या नावाने वावरणाऱ्या एका जेझुइटाचे खरे आडनाव बेकन होते. 'समुद्राच्या या बाजूचा' या शब्दांचा अर्थ अशा वेळी सरळ लागतो. शिवाय ज्याला पत्र लिहिले त्यालाच 'तुमच्या नावाचा एक माणूस आहे' असे सांगायचे आणि त्यातून 'तो तुम्हीच' असे सुचवायचे, ही कसरत कशासाठी?

उरले ते विल्यम स्ट्रेचीचे पत्र, १५ जुलै १६१० या तारखेचे, एका थोर बाईंना उद्देशून लिहिलेले. जुलै १६०९ मध्ये 'सी व्हेंचर' हे जहाज बर्म्युडाजवळ वादळात सापडून फुटले आणि त्यावरचे सर्वजण वाचले, त्याची हकिकत त्यात आहे. डोलकाठीवरून शिडांवर उड्या मारणारा तो थरथरता प्रकाशाचा ठिपका, दोन खडकांच्या मध्ये घट्ट रुतून बसलेले जहाज, कोणीही न दगावणे: 'टेम्पेस्ट' शेजारी ठेवून वाचले की दोघांमधले साम्य नजरेत भरते. पत्र छापले गेले १६२५ मध्ये, आणि नाटक राजदरबारी झाले नोव्हेंबर १६११ मध्ये. म्हणजे नाटककाराने ते हस्तलिखितात पाहिले असले पाहिजे. ऑक्सफर्ड जून १६०४ मध्ये वारला. त्यामुळेच ऑक्सफर्डवादी अभ्यासक या पत्राच्या तारखेवर तुटून पडतात. ते १६१० मध्ये पूर्ण झालेच नव्हते किंवा नाटकाचे आधार जुन्या प्रवासवर्णनांत आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. बहुसंख्य अभ्यासकांना ते पटलेले नाही, परंतु निदान हा वाद पुराव्याच्या जागी जाऊन चालला आहे. पत्र कधी लिहिले, कोणाच्या हाती पडले, कोणी वाचले, हे प्रश्न येथे विचारता येतात. एमर्सनला किंवा जेम्सला काय वाटले या प्रश्नाबाबत ते विचारून काहीच निष्पन्न होत नाही.

पानगळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्विनीच्या पत्राविषयी मी केवळ ओझरते वाचले होते. स्टर्लीच्या उत्तराची जोड मिळाल्यावर त्याचे चित्र पूर्ण झाले. एक उपप्रश्न राहतो. ग्रंथखूण म्हणतात की संपूर्ण पत्रव्यवहार शेजारी ठेवावा. पण हॉथॉर्न आणि डेलिया यांच्या पत्रव्यवहारात दोन्ही बाजू आपल्याला सारख्याच मिळतात का? तिची कथा आपण बव्हंशी त्याच्याच तोंडून ऐकतो, असे मला वाटत राहते.

ग्रंथखूण

सारख्या मिळत नाहीत, आणि बराच काळ तर फक्त त्याचीच बाजू उपलब्ध होती. डेलिया १८५९ मध्ये हार्टफर्डला वारली. शेवटची दोन वर्षे तिची मनःस्थिती ढासळलेली होती. तिच्या प्रकृतीविषयी स्ट्रॅटफर्डच्या महापौराला, जो स्वतः डॉक्टर होता, हॉथॉर्नला पत्र लिहावे लागले होते. तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी हॉथॉर्नने तिच्यावरचा लेख प्रसिद्ध केला. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये रात्री कंदील घेऊन शेक्सपिअरच्या थडग्यापाशी ती बसून राहिली आणि फरशी उचलण्याचे धैर्य तिला झाले नाही, हा सर्वांना माहीत असलेला प्रसंग त्या लेखामुळेच सर्वतोमुखी झाला. आपण तिला काही सल्ला दिला आणि त्यामुळे ती क्षणात आपल्याशी कायमची तुटली, असेही तो तेथे सांगतो. लेख सहृदय आहे, पण लिहिणारा कसलेला कथाकार आहे आणि उत्तर द्यायला ती हयात नव्हती.

तिची बाजू पुढे आली ती १८८८ मध्ये, तिचा पुतण्या थिओडोर बेकन याने चरित्र लिहून त्यात तिची आणि तिला आलेली पत्रे छापली तेव्हा. कार्लाइलच्या किंचाळण्याचे पत्र आणि हॉथॉर्नचे 'मुळांसकट उपटावे लागेल' हे पत्र आपल्याला त्या पुस्तकामुळे वाचायला मिळतात. पुतण्याला आत्याचा सिद्धान्त पटलेला नव्हता, ही माझ्या दृष्टीने त्या संग्रहाची जमेची बाजू आहे: तिला खरे ठरवण्यासाठी पत्रे निवडण्याचे त्याला काही कारण नव्हते. तरीही निवड कुटुंबाचीच आहे, हे विसरून चालणार नाही. वाचायला सुरुवात करायची असेल तर आधी १८५६ च्या मे ते ऑक्टोबर या काळातली दोघांची पत्रे वाचावीत, मग प्रस्तावना आणि अगदी शेवटी हॉथॉर्नचा १८६३ चा लेख. बहुतेक लोक उलट क्रमाने वाचतात आणि म्हणून डेलिया त्यांना आरंभापासूनच वेडी दिसते.